रोल कोरा का निघाला

मी बोलतेय, बाथरूमच्या फळीवरची काळी बाटली. काच काळी आणि आत भरलंय तेही काळं. मला कुणी खोकल्याचं औषध समजतं, कुणी फिनेल. मी डेव्हलपर आहे. काळ्या-पांढऱ्या फोटोंचा रोल ज्या पाण्यात धुतात, त्यात मला थोडीशी घालावी लागते. आता मला कुणी विचारत नाही, म्हणून आपणहूनच तोंड उघडलंय.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी फिकट होते. मग एका फोटोग्राफरच्या घरी आले आणि वयानं काळी पडत गेले. रंग गेला, पण कामात कधी कमी पडले नाही. त्याचा स्टुडिओ बंद पडला, लोक फोनवर फोटो काढायला लागले, तरी हा गडी बाथरूमचं दार लावून, फटीला टॉवेल कोंबून आपले रोल धुवायचा. कुणाला आत येऊ द्यायचा नाही. "ही म्हातारी मला पुरून उरणार," असं मला म्हणायचा. खरंच बोलला बिचारा.

माझ्या शेजारी एक प्लास्टिकची बाटली. तिच्यात पावडर कालवून त्यानं केलेला दुसरा डेव्हलपर, पाण्यासारखा नितळ. फोटो मऊ, नाजूक हवे असले की तो हिला घ्यायचा. पण हिचं एक वाईट. काही महिने गेले की ही मरते, आणि मेली तरी तोंडावर काही दिसत नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. तो हे ओळखून होता. रोल धुण्याआधी फिल्मचा एक फालतू तुकडा उजेडातच तिच्यात बुडवायचा. तुकडा काळा झाला तर औषध जिवंत, मगच पुढचं काम.

मग तो गेला. जेवून उठला, खुर्चीत बसला आणि बसल्या बसल्या गेला.

घरात फोटोंची खोकीच्या खोकी, पण त्याचा स्वतःचा एक धड फोटो नाही. ओळखपत्रावरचा होता तो मोठा करून आणला, तर बायकोलाच ओळखू येईना. तेव्हा ती म्हणाली, "कॅमेऱ्यात रोल आहे. मी काढलेत त्यात त्यांचे." उभ्या संसारात एकदाच त्यानं नवा रोल भरून कॅमेरा तिच्या हातात दिला होता आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभा राहिला होता. रोल थोडा शिल्लक होता, म्हणून धुवायचा राहिला.

लेकीनं धुवायचं ठरवलं. फोनवर बघून बघून शिकली. मदतीला काका आला.

"आई, दुकानात औषध नाहीये. मागवलं तर महिना लागेल म्हणतात."

"महिना? घरात आहे त्यात धू गं. मला त्यांचं तोंड बघायचंय."

दोघं फळीपाशी आले. काकानं मला उचलून दिव्यासमोर धरलं. "हे तर डांबर झालंय."

"ही बघा किती स्वच्छ आहे," लेक म्हणाली. "हीच घेऊ या?"

"मग काय तर. नासलेल्यात घालून वाट लावू नकोस."

तुकडा बुडवून बघावा, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. येणार तरी कुठून? मी फळीवर नुसती तडफडत होते.

आई चष्मा पुसून दारात उभी होती. त्या नितळ औषधात रोल धुऊन झाल्यावर लेकीनं धुवायचा डबा उघडला, रोल उलगडून दिव्यासमोर धरला. कोरा. या टोकापासून त्या टोकापर्यंत काही म्हणजे काही नाही.

काका म्हणाला, "वहिनी, बटण नीट दाबलं होतंत ना?"

"दाबलं होतं. खटका वाजला होता." मग तिचा आवाज बारीक झाला. "वाजला होता ना? आता मलाच सांगता येईना."

"असू दे आई," लेकीनं तिला जवळ घेतलं. "तुला सवय नव्हती. तुझी काय चूक?"

पोरीनं समजूत काढली, आणि नेमकी तीच आईच्या काळजात रुतली. तेव्हापासून ती चूक स्वतःच्याच माथी घेऊन बसलीय. परवा लेकीला म्हणाली, "ते म्हणाले होते घाई करू नकोस. मी घाईच केली असणार. ते हसत होते गं, मी तेवढंही धरलं नाही."

अहो, फोटो काढा नाहीतर काढू नका, रोलच्या कडेला कंपनीचं नाव आणि आकडे असतात. ते कारखान्यातूनच येतात आणि धुतल्यावर उमटतातच. या रोलच्या कडेला एक अक्षर नाही. म्हणजे औषध मेलेलं होतं. फोटो होते, अगदी होते. नवशिक्या माणसाचं लक्ष चौकटींवर असतं, कडेला कोण बघतंय?

आज फळी आवरली. ती नितळ बाई आणि मी, दोघी एकाच पिशवीत दारापाशी पडलोय. मला मोरीत ओतणार आहेत. ओता, माझं काही म्हणणं नाही. तो गेला, ते फोटोही गेले, आता मी राहून कुणाचं काय भलं होणार? पण ती कोरी फिल्म आईनं कपाटात जपून ठेवलीय. रोलची माहिती असलेलं कुणी या घरी आलंच, तर तिची कड एकदा दिव्यासमोर धरा. आणि त्या माउलीला सांगा, बाई गं, बटण तू बरोबर दाबलं होतंस.