वेणूच्या पावडरचा डबा

मी एक पावडरचा डबा बोलतोय. अंगाला गोड वास आहे म्हणून गोड बोलेन, असं समजू नका. या घरातली माणसं मला आवडत नाहीत.

जगननं खोडाळ्याच्या बाजारातून मला नव्या नवरीसाठी आणलं. वेणूची पावडर अर्धीही सरली नाही तोच तिला दिवस गेले, रक्त तपासलं, आणि नवरा-बायको दोघांनाही एचआयव्ही निघाला. जगन रडला. डोळे पुसता पुसता म्हणाला, "आईला कळता कामा नये." रडायचं त्यानं, लपवायचं हिनं! तिनं उरलेली पावडर ओतून दिली, मला धुऊन वाळवलं आणि एचआयव्हीच्या गोळ्या माझ्या पोटात भरल्या.

सासू गोजाबाईची नजर घारीची. गरोदर बाईच्या लोहाच्या गोळीला तेवढं ती काही म्हणत नसे. म्हणून वेणू सकाळी उपाशीपोटी दोन्ही गोळ्या एकदमच तोंडात टाकायची. खायचं मात्र सगळ्यांचं झाल्यावर. सून ना!

पुढच्या तपासणीत रक्तातले विषाणू उतरलेच नव्हते.

"गोळ्या चुकतात का गं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"विसरते ती," जगननं परस्पर सांगून टाकलं. मला हात असते तर एक ठेवून दिली असती.

वेणूनं मला पिशवीतून काढून टेबलावर आपटलं. "एक पण नाय चुकवली. रगताच्या गोळीसंगंच घेते, उपाशी. दुसऱ्या टायमाला सासू बघते."

"मग आधी नाही सांगितलंस?"

"तुमी चुकतात का, एवढंच इचारलं."

बाई खुर्ची ओढून जवळ बसल्या. "उपाशीपोटी लोहाबरोबर घेतलं तर हे औषध अंगी लागत नाही. नीट खाऊन दोन्ही एकत्र घे, नाहीतर लोह सकाळी आणि हे रात्री. तुला काय जमेल?"

"औषध बदललं तर?"

"आधी हे करू, लवकर पुन्हा तपासू. नाहीच उतरलं, तर काय बदलायचं ते तुझ्याशी बोलूनच ठरवू."

"बाळाला व्हईल का?"

"विषाणू उतरले तर शक्यता फार कमी. जन्मल्यावर त्यालाही औषध देऊ."

"मंग खाऊनच घेते," वेणू म्हणाली.

आज सकाळी तव्यावरची पहिली नागलीची भाकरी तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

"बाप्यांच्या आधी? माहेरी हेच शिकवलं का गं?" गोजाबाई कडाडली. जगन पायाचा अंगठा बघत बसला.

"पोटातल्याला भूक लागली, आई."

अजून तपासणी व्हायची आहे. काय निघेल, मला ठाऊक नाही. पण डॉक्टरसमोर नुसती मान हलवून येणाऱ्यांनो, तुमचा मला मनापासून संताप येतो. घरात काय चालतं ते तिथं सांगा, आणि विचारा.

वेणू दुसरा घास तोडतेय. गोजाबाई बडबडतेय. बडबडू दे.