पाच पुठ्ठ्यांची बेरीज

ग्रंथालयाकडून कोशाचे पाच खंड नव्या बांधणीसाठी आले, तेव्हा मी सूनबाईला न विचारताच सुरी हातात घेतली. चाळीस वर्षांपूर्वी ते मीच बांधले होते. तेव्हा वापरला तसला पुठ्ठा आता मिळत नाही. उरला होता तो जेमतेम पाच खंडांपुरता.

"बाबा, राग मानू नका," ती म्हणाली, "हल्ली तुमचा हात थरथरतो. मी कापू का?"

"तू काय मोठी कारागीर लागून गेलीस?" मी बोलून गेलो आणि लगेच ओशाळलो.

नातीने तोडगा काढला. दोघांनी दुकानातल्या लोखंडी पट्टीने रद्दी पुठ्ठ्याचे वीस सेंटिमीटरचे पाच-पाच तुकडे कापायचे. ती ते शाळेच्या पट्टीने तपासणार. लांब भरला तर अधिक, आखूड भरला तर उणे. ज्याची चूक कमी, त्याची सुरी.

माझे मिलिमीटर आले असे: अधिक तीन, उणे चार, अधिक दोन, उणे दोन, अधिक एक. सुनेचे: उणे एक, उणे एक, उणे दोन, उणे एक, उणे एक.

"माझी बेरीज शून्य!" मी म्हणालो. "तिची उणे सहा."

"आजोबा, चीटिंग! एक पुठ्ठा लांब आणि एक आखूड झाला, तर दोन्ही पुस्तकं नीट बसतील?"

"नाही बसणार."

"मग चिन्हं विसरा. खुणेपासून किती चुकलं, तेवढंच बघायचं. त्याला केवलमूल्य म्हणतात. तुमचं बारा, आईचं सहा."

"पण उणे चार ही उणे एकपेक्षा मोठी संख्या ना?"

"उलट! उभे करून बघा की."

मी दोन्ही तुकडे शेजारी उभे केले. उणे एकचा उंच होता, उणे चारचा ठेंगणा. संख्या लहान आणि चूक मोठी. इतकी वर्षं पुस्तकांत डोकं घालून बसलो, पण हे असं समोर कधी उभं राहिलं नव्हतं.

सुनेचा चेहरा मात्र उतरला होता. "मीही एकदासुद्धा बरोबर कापला नाही. चांगला पुठ्ठा वाया जायचा. बाबा, तुम्हीच कापा." तिने सुरी माझ्याकडे सरकवली.

मी ती घेतलीही. पण तिचे पाच उणे डोळ्यांपुढून हलेनात. हात चुकतो तेव्हा कधी इकडे जातो, कधी तिकडे. हिचा दर वेळी एकाच बाजूला कसा? उत्तर मला ठाऊक होतं. लोखंडी पट्टीचं टोक मिलिमीटरभर झिजलं आहे. मी कित्येक वर्षं एक सेंटिमीटरच्या रेघेपासून मोजतो. तिला ते कधी सांगितलं नव्हतं. विसरलो, असं म्हणावंसं वाटतं. खरंच विसरलो होतो का, कोण जाणे.

"टोकापासून मोजू नकोस," मी म्हणालो. "ते झिजलंय. एकपासून मोज, आणि शेवटी एक वाढव."

ती बघतच राहिली. "आणि हे आज सांगताय?"

"हो."

तिने पुन्हा पाच तुकडे कापले. नातीने मोजले: शून्य, शून्य, उणे एक, शून्य, शून्य.

माझ्या बाराला असा कुठला इलाज नव्हता. मी चांगला पुठ्ठा काढून सुनेपुढे पसरला आणि ती कापत असताना तो सरकू नये म्हणून दोन्ही तळव्यांनी दाबून धरला.