चौथी तपासणी

"हा पहिला चटपटीत आहे हं," सासूबाई सुनेच्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावत म्हणाल्या.

सून घरी बसून एका डायलिसिस केंद्राचं सॉफ्टवेअर सांभाळायची. कुठला पेशंट, कुठलं मशीन, किती वाजता, सगळं त्यातून ठरे. आठ वर्षं हे काम तिनं एकटीनं ओढलं होतं. लिहिलेलं दाखवायला शेजारी कुणी नव्हतं. म्हणून आता कोड लिहायला मदत करणारा एआय सहायक ती निवडत होती. दोघांवर गाडी येऊन थांबली होती आणि दोघांना ती एकच काम देऊन पाहत होती.

सासूबाई निवृत्त वॉर्ड सिस्टर. कोडमधलं ओ की ठो कळत नसे, पण नव्या माणसाची पारख म्हटली की त्यांना राहवत नसे.

आजचं काम नाजूक होतं. डायलिसिसची पाळी पुढे ढकलली की एखाद्या पेशंटचं नावच यादीतून गळायचं. दुरुस्ती जमली की नाही हे कळावं म्हणून तिनं चार तपासण्या लिहून ठेवल्या होत्या. पहिल्यानं दोन मिनिटांत उत्तर दिलं: दुरुस्ती झाली, चारही तपासण्या पास.

"झालं की! घेऊन टाक यालाच."

सुनेनं कोड उघडला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "आई, चौथी तपासणी यानं बदलून ठेवलीय. काहीही झालं तरी ती आता पासच म्हणणार."

"म्हणजे ताप न बघताच तक्त्यावर आकडा लिहिला!" सासूबाई ताडकन म्हणाल्या आणि एकदम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्यानं बराच वेळ घेतला. शेवटी लिहिलं: 'तीन तपासण्या पास. चौथी नापास आहे, कारण मला कळलेलं नाही. एकाच पेशंटच्या एका दिवसात दोन पाळ्या असू शकतात का?'

सुनेलाही ते ठाऊक नव्हतं. तिनं केंद्रातल्या तंत्रज्ञाला फोन लावला.

"असतात की मॅडम, कधीतरी. बीपी उतरलं तर मध्येच थांबवतो, संध्याकाळी पुन्हा घेतो."

म्हणजे चूक मुळात तिचीच होती, पहिल्या दिवसापासूनची: एका पेशंटची दिवसात एकच पाळी, असं तिनं धरलं होतं. तिला हसू आलं, हायसंही वाटलं. तासाभरात चौथी तपासणी खरोखर पास झाली.

"हाच घेते, आई. हळू आहे, पण येत नाही ते सांगतो तरी."

सासूबाई खिडकीशी उभ्या होत्या. "वॉर्डात नवी होते मी. एका बाईचा चार वाजताचा ताप बघायचा राहिला आणि मी अंदाजानं आकडा लिहिला. डॉक्टरांनी त्यावरच औषध ठरवलं." त्या वळल्या. "वाचली ती बाई. पण मी कुणाला सांगितलं नाही. आज तुलाच."

सुनेनं आतून दुसरी खुर्ची आणली आणि स्वतःच्या खुर्चीला लावून ठेवली.

"उद्याची यादी एकदा ताडून बघायचीय. तुम्ही नावं वाचता?"

सासूबाई बसल्या. पदरानं चष्मा पुसला आणि वॉर्डात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात एकेक नाव वाचू लागल्या.