पहिल्या वाटीतलं पाणी

गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. बायाबापड्या, म्हातारे, कामावरून थेट आलेले हमाल, सगळ्यांच्या माना आकडेबाबाकडे वळलेल्या. इतर बाबा राख फुंकतात, हा मधुमेह उतरवायचा. पुरावा म्हणून चक्क साखर मोजायचं यंत्र पुढे करायचा.

"यंत्र कंपनीचं, बोट तुमचं, कृपा वरच्याची! मी कोण? मी नुसता पोस्टमन!"

समोर दोन वाट्या. पहिलीत रोग वर आणणारं पाणी, दुसरीत उतरवणारं. पहिलीत बोट बुडवायचं, पंख्याखाली वाळवायचं, टोचायचं, की आकडा चारशेच्या वर. मग मंत्र. दुसरीत बोट चोळून धुवायचं, पुसायचं, पुन्हा टोचायचं. आकडा निम्म्याच्याही खाली! टाळ्यांचा नुसता कडकडाट.

मी मागे उभी होते. वस्तीच्या दवाखान्यातली नर्स मी. घरोघर फिरून आजारी माणसं शोधायची आणि त्यांना औषधावर टिकवायचं, यातच माझी सगळी नोकरी सरली. माणसं आम्हाला सोडून बाबाकडे का जातात, आपलं कुठे चुकतंय, ते बघायलाच आले होते, आणि पुढच्या रांगेत मला चिमणी दिसली. इस्त्रीवालीची लेक. अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणून रोज सुई घेणारी. तिचाही आकडा वर गेला आणि खाली आला.

दारात मी तिच्या आईला गाठलं. "सुई बंद करू नकोस हं. तिचं जगणं त्या सुईवर आहे."

"सिस्टर, पाहिलंत ना? सुई घेऊनसुद्धा चारशे! मग ती पोर कशाला टोचून घेते रोज?"

"उद्या दवाखान्यात ये. नीट तपासू."

ती थकल्यासारखी हसली. "तुमचा दवाखाना दुपारीच बंद होतो. माझी इस्त्री संध्याकाळपर्यंत. बाबा रात्री जेवायच्या वेळेलाही भेटतात. माझं नाव घेऊन विचारतात, पाय दुखतात का म्हणून."

संध्याकाळचा दवाखाना सुरू करा म्हणून आम्ही वर कितीदा सांगितलं होतं. 'कर्मचारी नाहीत' हे उत्तर ठरलेलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले, तर दाराला कुलूप. पोरीवर दवाखान्याची सावली पडू देऊ नका असं बाबाने बजावलं होतं, म्हणून आईने सुई बंद करून तिला मावशीकडे ठेवलं होतं. तिथे चिमणीला उलट्या सुरू झाल्या. घशाला कोरड पडली, धाप लागली. बाबाने निरोप धाडला, "विष बाहेर पडतंय, घाबरू नका." मावशी घाबरली म्हणून तरी तिला मोठ्या इस्पितळात नेलं. उशीर झाला होता. चिमणी गेली.

मी रजा घेतली नाही, रडलेही नाही. आमच्या डॉक्टरबाईंना घेऊन गोदामात गेले. गर्दी तेवढीच होती.

"या ताई, बोट द्या," बाबा म्हणाला.

"आधी माझ्या यंत्रावर," मी म्हटलं. साबणाने हात धुऊन सगळ्यांसमोर टोचून घेतलं. आकडा निरोगी माणसाचा असतो तेवढाच आला. मग त्याच्या पहिल्या वाटीत बोट बुडवलं, वाळवलं, त्याच यंत्रावर मोजलं. चारशेच्या वर!

"मला मधुमेह नाही, बाबा. एका वाटीत झाला होय?"

कुणीतरी हसलं. बाबा वाटी उचलायला झेपावला, पण डॉक्टरबाईंनी ती पुढच्या आजोबांच्या हातात दिली. आजोबांनी चाखून पाहिलं. "अहो, हे तर गोड आहे!"

"ग्लुकोज," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बोटाला लागलेली साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि यंत्र तीच मोजतं. दुसऱ्या वाटीत साधं पाणी. बोट स्वच्छ झालं की खरा आकडा दिसतो."

आरडाओरडा झाला, खुर्च्या पडल्या, कुणी पोलिसांना फोन लावला. त्या गोंधळात इस्त्रीवाली माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती कधी आली होती मला कळलं नाही.

"म्हणजे सिस्टर... तिचा दुसरा आकडा खरा होता?"

"हो."

"तो चांगला होता."

"हो."

"मंत्राने नाही."

"सकाळच्या सुईने," मी म्हटलं. खोटं सांगणं मला जमलं नाही.

ती खाली बसली. मी तिच्याजवळ बसले.

बाबाला अटक झाली. संध्याकाळचा दवाखानाही सुरू झाला, एक पोर गेल्यावर. वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी हात धुवा आणि पुन्हा मोजून बघा. डॉक्टरला विचारल्याशिवाय चालू औषध थांबवू नका. आणि ज्यांच्या हाती दवाखान्यांची कुलपं आहेत, त्यांनी आपल्या दारावरची वेळ एकदा वाचावी. बंद दारासमोरून परतलेला माणूस कुठेतरी जातोच.