समासातली नोंद

दहाच्या चहाला ब्रेंडनने घरून गाजराचा केक आणला होता आणि तो स्वतःच्या हाताने कापून सगळ्यांना वाढत होता. झुलता पूल पडून पाच आठवडे झाले होते. त्या पुलावरची म्हातारी कंबरडं मोडून इस्पितळात पडली होती, वेलिंग्टनहून चौकशीचं पत्र येऊन थडकलं होतं, आणि रस्ते-पूल खात्याचा हा प्रमुख केकवर अक्रोड पेरत होता. ग्लेनिसने बशी परत सरकवली.

"पोट बरं नाही," ती म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

तोताराबर्न जिल्हा परिषदेचं दप्तर ग्लेनिस एकतीस वर्षं सांभाळत होती. कागद होते तोवर तिची काही तक्रार नव्हती. मग सगळं कचेरीकाम ऑनलाइन गेलं आणि माणसांना ताळतंत्र उरलं नाही. एकाच अहवालावर आठ-आठ जण एकाच वेळी तुटून पडायचे. एक लिहायचा, दुसरा खोडायचा, तिसरा बाजूला कॉमेंटचा फुगा सोडायचा, चौथा त्या फुग्याखाली टाळ्या पिटत नाचणारं अस्वल चिकटवायचा. सांडपाण्याच्या अहवालाखाली नाचणारं अस्वल! चार वर्षांपूर्वी तिला एकाच अहवालाच्या तेवीस प्रती सापडल्या होत्या, 'अंतिम', 'अंतिम नवा', 'खरोखर अंतिम' अशा नावांच्या. तिला शिसारी आली. त्या तिरीमिरीतच तिने परिपत्रक काढलं: दप्तरात फक्त अंतिम आणि स्वच्छ प्रत येईल, फुगे, खाणाखुणा, चित्रं काढून टाकावीत, बाकीचा सगळा कच्चा माल, तो सहा महिन्यांनी आपोआप पुसला जाईल. शेजारच्या दोन परिषदांनी ते परिपत्रक जसंच्या तसं उचललं, तेव्हा बाई आठवडाभर खुशीत होत्या.

मंगळवारी चहानंतर निकोरा तिच्या खोलीत आला. पूल तपासणारा माणूस, त्यामुळे चिखलाचे बूट दाराबाहेर आणि पायांत नुसते मोजे. उजव्या मोज्याला भोक होतं.

"माझा मार्चमधला अहवाल दाखव," तो म्हणाला.

तिने दाखवला. एक पान, स्वच्छ, नेटकं. उजव्या काठावर पुलाच्या तारा जमिनीत जखडणारी लोखंडी पाटी: ठीक. पूल वापरास योग्य. तपासणारा: निकोरा ताहेरे.

"हे मी लिहिलेलं नाही."

"नाव तर तुझं आहे."

"नाव माझंच आहे. म्हणून तर पेपरवाल्यांनी छापलं." तो खुर्चीत बसला नाही. "मी लिहिलं होतं, पाटी गंजून पापडासारखी झालीय, पूल आजच बंद करा. शेजारी फुग्यात फोटो पण डकवला होता."

"फुगे दप्तरात येत नाहीत, निकोरा."

"ते मला आत्ता कळतंय."

पडलेली म्हातारी म्हणजे एरेना, निकोराची मावशी. त्याची आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. तिची कोंबड्यांची खुराडी नदीपलीकडे, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ पुलावरून ये-जा.

"तिनं मला विचारलं होतं, पूल बरा आहे का रे," तो म्हणाला. "मी म्हटलं, चार दिवस जाऊ नकोस, मी लिहून दिलंय, बंद करतील. मग मला वरच्या घाटरस्त्यांवर पाठवलं. पूल काही बंद झाला नाही. तिला वाटलं दुरुस्त झाला असेल. मलाही वाटलं, कुणीतरी बघून गेलं असेल. आपण लिहून दिलंय ना? आता तो छापील कागद घरोघर पोचलाय. मराएवर, आमच्या लोकांच्या सभाघरात, गेलो की बसलेली माणसं बोलायची थांबतात. मावशीनं निरोप पाठवलाय, इस्पितळात येऊ नकोस. तिच्या लेखी तो पूल मी पास केलाय."

ग्लेनिसने ऑनलाइन असलेला मूळ अहवाल उघडला. मिटवलेले फुगे दिसत नाहीत, पण दप्तराच्या चावीने ते पुन्हा उघडता येतात. हे तिला चार वर्षं ठाऊक होतं, आणि चार वर्षांत तिने एकदाही चावी फिरवली नव्हती.

चौदा मार्च, दुपारी तीन चाळीस. निकोराचा फुगा, फोटोसकट. फोटोतली पाटी कडेने भुगा होत आली होती. त्याखाली ब्रेंडन: 'भारी निरीक्षण, मित्रा! फोनवर बोलू,' आणि एक हसरा चेहरा. अकरा मिनिटांनी त्याच ब्रेंडनने फुग्यावर 'निकाली' असं बटण दाबलेलं. त्याच मिनिटाला मजकुरातलं 'पूल बंद करावा' जाऊन तिथे 'ठीक' आलेलं. मग सगळ्यात वर, 'अंतिम!!' आणि रंगीत कागदांचा पाऊस पाडणारं चित्र. माणूस मरता मरता वाचला त्या कागदावर हा रंगीत कागद उधळत होता.

"फोन केला होता त्यानं?"

"केला. म्हणाला, यंदा तरतूद नाही, जुलैत बघू. अहवालाची भाषा जरा टोकदार झालीय, ती मी बघतो. मी म्हटलं बघ. भाषेतलं मला काय कळतंय?"

पानाच्या माथ्यावर एक पिवळी पट्टी होती. सहा महिने भरल्याने हे सगळं गुरुवारी पाच वाजता पुसलं जाणार होतं. ठेवायचं का, असं यंत्राने अहवालाच्या मालकाला, म्हणजे खातेप्रमुख ब्रेंडनला, विचारलं होतं. मालकाने 'नको' म्हटलं होतं, काल सकाळी. चौकशीचं पत्र शुक्रवारीच आलं होतं.

ग्लेनिसने पुसणं रोखलं. तसं करताच मालकाला सूचना जाते. पाच मिनिटांत ब्रेंडन दारात हजर, हातात कागदी रुमालात गुंडाळलेला केकचा तुकडा.

"तुझ्यासाठी राखून ठेवला होता," तो म्हणाला. निकोराकडे बघून त्याने मान हलवली. "कसा आहेस, मित्रा? मावशी बरी आहे ना?"

निकोराने पडदा त्याच्याकडे वळवला.

"अगं ग्लेनिस, हा जुना कच्चा माल कशाला उकरत बसलीस?"

"चौकशीला सगळी कागदपत्रं हवीत."

"कागदपत्रं हवीत. फुगे कुठं मागितलेत? आणि फुगे म्हणजे कागदपत्रं नव्हेत, हे मी नाही म्हणत, तू म्हणतेस." त्याने फोन काढला आणि तिचंच परिपत्रक तिला वाचून दाखवलं, सावकाश, चवीने. "खाली सही कुणाची आहे? मी आपला तुझ्या नियमानं वागलो बाई."

"लोकांनी घाण सोडू नये म्हणून तो नियम होता. तुझी घाण झाकायला नव्हता."

"असं कसं बोलतेस? आपण इतकी वर्षं एकत्र चहा पितोय." तो टेबलाच्या कडेला टेकला आणि त्याने आवाज उतरवला. "हा एक फुगा पाठवलास की ते विचारणार, बाकीचे कुठं गेले? चार वर्षं, दोनेक हजार अहवाल, सगळे तुझ्या नियमानं धुऊन-पुसून आलेले. त्यांत काय काय निकाली निघालं असेल, तुला माहितीय? मला तर नाही बुवा. दोन वर्षांवर आलीय तुझी निवृत्ती. मी तुझ्याच भल्याचं सांगतोय."

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. बोटांना केकवरचं मऊ क्रीम-चीज लागलेलं होतं. त्या हाताची तिला किळस आली, पण त्याहून जास्त किळस आली ती या गोष्टीची, की दोन हजारांबद्दल तो खोटं बोलत नव्हता. त्याने एक फुगा दडपला होता. तिने दडपायची सोय करून ठेवली होती, सगळ्या परिषदेला, फुकटात, आणि वर टापटिपीचा डौल मिरवला होता.

"हात काढ," ती म्हणाली. "आणि तो केक घेऊन जा. मुंग्या येतील."

त्या रात्री ती घरी गेलीच नाही; बुधवारी दुपारपर्यंत तिने चौकशीचा गठ्ठा तयार केला. फुगा, फोटो, बदललेलं वाक्य, वेळा, सगळं त्यात होतं. सर्वांत वर तिने आपलं परिपत्रक ठेवलं आणि सोबत चार ओळींचं पत्र: गेल्या चार वर्षांचं दप्तर अपुरं आहे, ते माझ्या आदेशाने अपुरं झालं आहे. पाठवून झाल्यावर ती स्वच्छतागृहात गेली आणि तिने खांद्याजवळचा ब्लाउज साबण लावून चोळला. डाग निघाला नाही.

निकोरा बाहेर थांबला होता.

"मला कागद दे," तो म्हणाला. "मावशी पडद्यावरचं मानत नाही."

तिने छपाईची आज्ञा दिली. पान आलं ते स्वच्छ. फुगा नाही, फोटो नाही. पुन्हा दिली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिच्या लक्षात आलं, छपाईत फुगे येऊ नयेत अशी व्यवस्था तिनेच बसवून घेतली होती. त्या नेटक्या पानाचा तिने चोळामोळा केला, एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

मग कोरा कागद घेतला आणि पेनाने नक्कल उतरवली. निकोराचे शब्द, तारीख, वेळ, ब्रेंडनचं उत्तर. हसऱ्या चेहऱ्याशी ती अडखळली आणि शेवटी 'येथे हसरा चेहरा' असं लिहिलं. 'निकाली'ची वेळ, बदललेलं वाक्य. खणाच्या तळाशी 'सत्यप्रत'चा जुना शिक्का पडून होता. शाईची गादी सुकून खडखडीत झाली होती, तिच्यावर नळाचं पाणी शिंपडून तिने शिक्का उठवला. खाली सही केली.

गुरुवारी दोघं इस्पितळात गेली. निकोरा दाराशीच थांबला. एरेनाने चष्मा मागितला, कागद दोनदा वाचला, दुसऱ्यांदा ओठ हलवत. 'येथे हसरा चेहरा'पाशी ती थांबली.

"हे काय?"

"हसल्याचं चित्र होतं तिथं," ग्लेनिस म्हणाली.

"हसला होता?"

"हो."

एरेनाने दाराकडे बघून बोट वाकवलं. निकोरा आला, वाकला. तिने त्याचं डोकं दोन्ही हातांनी खाली ओढलं आणि आपल्या लोकांच्या रीतीने कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावून बराच वेळ धरून ठेवलं. "गाढवा," ती म्हणाली, "सांगायचं नाही का, ते तू लिहिलं नव्हतंस म्हणून?"

"मावशी, तू येऊ कुठं दिलंस?"

ग्लेनिस निघायला उठली. तिला वाटलं, आपलं काम झालं.

"थांब गं," एरेना म्हणाली. "हे अक्षर तुझं?"

"हो."

"शिक्का?"

"माझाच."

"मग चौदा मार्चला हे तुझ्याकडे होतं?"

नाही म्हणता आलं असतं. नियमाप्रमाणे नव्हतंच.

"यायला हवं होतं," ग्लेनिस म्हणाली. "येऊ नये असा नियम मी केला होता."

एरेनाने कागद पुढे केला.

"ते यात लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "लिही."

खाली शिक्का आणि सही होती, तिथे जागा उरली नव्हती. ग्लेनिसने पेन काढलं, कागद आडवा धरला आणि समासात लिहायला घेतलं.