शहागंजच्या देगेची कल्हई

अहो, हळू! पोटावर टिचक्या मारून काय बघताय? आवाज अजून खणखणीत आहे माझा. परवा भंगारवाल्यानंही असंच वाजवून पाहिलं आणि मनातल्या मनात तांब्याचं वजन केलं, ते मला बरोबर कळलं. तुम्ही निदान टेकलात तरी. मी देग. दोन माणसं आत मांडी घालून बसतील एवढ्या पोटाची तांब्याची देग. बोलायला लागले की थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

शहागंजात मी आले तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन चार-दोन वर्षं झाली होती. लोक सावरत होते, लग्नं पुन्हा थाटात व्हायला लागली होती. नूरमोहम्मदच्या वडिलांनी मला तांबटाकडून घडवून घेतली. पुढं नूरमोहम्मद त्यांच्या जागी बावर्ची झाला आणि मी त्याची झाले.

काय ते दिवस होते! माझ्यात शिजलेला मटणाचा नानखलिया खायला लोक बोलावणं नसतानाही यायचे. झाकण काढलं की वास पार चौकापर्यंत. आणि माणसांची गंमत सांगू? पोट भरलेलं असलं की माणूस फार भांडतो. बोटी लहान आली म्हणून मेहुणे रुसायचे. एकजण ताटात डोंगर घ्यायचा आणि अर्धा तसाच सोडून उठायचा. मी आपली हसायचे. मला वाटायचं, माणसाची जात आपल्याला पुरती कळली.

काही कळली नव्हती. मी तोवर जेवलेली माणसंच पाहिली होती.

बहात्तर साल उजाडलं. त्याआधीची दोन वर्षंही तशी कोरडीच गेली होती. या साली तर आभाळानं तोंडच फिरवलं. विहिरींचे तळ दिसले. जनावरं दावणीला बसली ती उठली नाहीत. शहरात लग्नं थांबली आणि मी कोपऱ्यात पालथी पडले. एक दिवस तात्यासाहेब दुकानात आले. शहागंजातल्या व्यापाऱ्यांनी मिळून दुष्काळासाठी धान्य गोळा केलं होतं, त्याचं सगळं हे तात्यासाहेब बघायचे. चांगला माणूस, फक्त घाई फार.

"नूरमोहम्मद, पिशोरकडं पाझर तलावाचं काम निघालंय," ते म्हणाले. "बाया-माणसं खडी फोडतायत. मजुरी हातात पडायला वेळ लागतो, तोवर खाणार काय? दुपारचं एक जेवण आपण द्यायचं. एवढ्यांचं शिजेल असं भांडं तुझ्याचकडं आहे."

"भांडंच कशाला, मैं भी आताय," नूरमोहम्मद म्हणाला. त्यानं मला राखेनं घासलं, पुन्हा घासलं, आणि आम्ही दोघं ट्रकमध्ये चढलो.

पिशोरच्या माळावर मला तीन दगडांवर बसवलं. बैलगाडीवर पिंप चढवून लांबून पाणी यायचं. ते एक वेळच्या शिजवण्यापुरतं. मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या कण्या आणि वरून डाळ. मला तर लाजच वाटली. नानखलिया शिजवणारी मी, आणि माझ्या पोटात हे! पण पहिल्या दुपारी समोर रांग लागली आणि माझी लाज कुठल्या कुठं गेली. एवढी माणसं, आणि एक शब्द नाही. धूळ बसलेले चेहरे, हातात ॲल्युमिनियमच्या थाळ्या. कुणी कुणाला ढकललं नाही. लग्नात मी असलं कधी पाहिलं नव्हतं.

नूरमोहम्मदनं पळा उचलला आणि तसाच थांबला. मग मोठ्यानं बोलला, "देखो भाई, पहिले सुन लो. ये शादीकी देग है. इसमें गोश्त पकताय. मांजके लाया मैं, पर बोलना मेरा फर्ज है."

रांग जरा हलली. गावात माळकरी बरेच होते. गळ्यात तुळशीची माळ घातली की मटण-मासळी वर्ज्य, आणि ज्या भांड्यात ते शिजतं ते भांडंही वर्ज्य. काहीजण बाजूला झाले, आपापसात कुजबुजले. मग एकानं माळ काढून बैलगाडीच्या खुंट्याला अडकवली, कान धरून देवाची माफी मागितली आणि परत रांगेत आला. त्याच्यामागं दुसरा आला. भूक लई वाईट, त्यांना कोण नावं ठेवणार?

एक बाई मात्र आली नाही. सरूबाई. कडेवर तान्ही लेक होती, साळू. सरूबाईनं थाळी पालथी घातली आणि सरळ खडीच्या ढिगाकडं चालती झाली.

तात्यासाहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, तुला कुणी विचारलं होतं?"

"विचारलं नाय म्हणून तर सांगितलं, तात्यासाहेब. त्यांना न सांगता खाऊ घातलं तर ते जेवण कसलं?"

तसं बघायला गेलं तर ती चूकच. पण ती चूक नूरमोहम्मदशिवाय दुसऱ्या कुणी केली नसती.

आता माझी एक अडचण ऐका. माळावर झाड नव्हतं, सावली होती ती माझीच. विस्तव विझला की बाया आपली लेकरं माझ्या आडोशाला निजवायच्या. साळूही तिथंच असायची. तिचं रडणं मी रोज ऐकायचे. सुरुवातीला चांगलं ठणठणीत रडायची. मग आवाज बारीक झाला. मग नुसती कण्हायला लागली. आईच खाईना, तर अंगावर दूध कुठून येणार? सरूबाई मूठभर फुटाणे चावायची, वर पाणी प्यायची आणि पुन्हा हातोडा उचलायची.

तिची सासू द्वारकाबाईही माळकरीच. तिनं पहिल्या दिवशीच माळ उतरवून ठेवली होती. ती एकदा सुनेजवळ येऊन बसली आणि रडायलाच लागली. "अगं, काढ की माळ! म्या म्हातारीनं काढली. देव काय आंधळा हाय व्हय? त्याला दिसत नाय का?"

"तुमी काढा, आत्याबाई. माझं येगळं हाय," सरूबाई म्हणाली. "दोन लेकरं मातीत घातली मी. तिसऱ्या खेपंला पैठणला नाथांच्या समाधीम्होरं माळ घातली, तवा कुठं ही जगली. माळ हिच्या जिवासाठी हाय. मी काढली आन् हिला काय झालं तर?"

"आन् न खाता हिला काय झालं तर?"

सरूबाईनं लेकीला छातीशी धरलं. लेक चोखायची, सोडायची आणि कण्हायची. तिथं बसून ते ऐकताना, खरं सांगते, मला माझ्या पोटातल्या सगळ्या लग्नांचा राग आला.

नूरमोहम्मदनं काय कमी केलं? कोरडं धान्य द्यायला निघाला, तर तात्यासाहेब म्हणाले, एकीला दिलं की सगळे मागतील, आपल्याला पुरणार नाही. मग स्वतःच्या वाट्याच्या कोरड्या कण्या फडक्यात बांधून तो तिच्यापुढं गेला. तिनं हात जोडले. "भाऊ, सगळ्यांला नाय ते मला एकलीला नगं. रांगंतल्या बाया काय म्हणतील?"

शेवटी तात्यासाहेबांनी हळूच सुचवलं, "तिला सांग, शहरातून कोरी देग मागवली. तिला काय कळतंय!"

नूरमोहम्मदनं हातातला पळा खाली ठेवला. "तात्यासाहेब, तिच्याकडं आता त्या एका गोष्टीशिवाय काय राह्यलंय? ते पण मीच चोरू?"

तोडगा काढला तो द्वारकाबाईनं. ती माझ्याजवळ आली, तोंडात डोकावली, आत बोट फिरवलं. "भाऊ, शिजतं ते तांब्यावर नाय, कल्हईवर. माझ्या माहेरी एकदा भांडं उसनं दिलं होतं, त्यात कुणीतरी अंडी उकडली. माझ्या आज्यानं ते इस्तवात घातलं, जुनी कल्हई काढली, नवी चढवली आन् देवाच्या स्वयंपाकाला घेतलं. आग लागली की भांडं नवं. सरू, चालंल का गं?"

सरूबाईनं गळ्यातली माळ चाचपली. मग म्हणाली, "आगीतनं काढलं तर चालंल."

पिशोरच्या बाजारात बन्सी कल्हईवाला होता. तो भाता आणि कथील घेऊन आला, मला फिरून पाहिलं आणि डोकं खाजवायला लागला. "बाप रे! ही हत्तीण हाय. आधी चिंच आन् वाळूनं खरवडावी लागंल. मग धुवा, तापवा, कल्हई झाली की परत धुवा. पाणी किती हाय?"

सगळ्यांनी पिंपांकडं पाहिलं. पाणी नेहमीएवढंच होतं, शिजवण्यापुरतं. मला धुतलं तर त्या दिवशी कुणालाच जेवण नाही. लाकडंही तेवढीच होती.

रांग लागलेली होती. उन्हं डोक्यावर. नूरमोहम्मदनं ते रांगेला जसंच्या तसं सांगितलं. लपवणं त्याला येतच नव्हतं. सरूबाई मागून ओरडली, "नगं! माझ्यापायी कुणाला उपाशी ठिवू नगा!"

मी मनात म्हटलं, झालं. या माणसांना दिवसातून एकदा मिळतं. ते कुणासाठी सोडतील, आणि का सोडावं?

तेवढ्यात फकिरा रांगेतून बाहेर आला. हा फकिरा म्हणजे रांगेत रोज पहिला. दणकट गडी, भूकही तशीच. सगळ्यांचं झालं की माझ्या तळाची खरवड मागायचा, आणि बाया त्याला "खरवडराव" म्हणून चिडवायच्या. तो तरातरा माझ्याकडं आला. मला वाटलं, आता हा भांडणार. त्यानं थाळी खाली ठेवली, पटका सोडून बाजूला टाकला आणि एक पाय उचलून सरळ माझ्या आत उतरला.

"वाळू द्या," आतून त्याचा आवाज आला. "तळ मला ठावा हाय. माझ्याइतका कुणाला ठावा नाय."

कुणीतरी हसलं. मग सगळी रांगच हसली. मग एक बाई पदराला बांधलेली चिंच सोडून घेऊन आली, दुसरी वाळूचं घमेलं घेऊन आली. "आज एकादशी समजा गं," एक म्हातारी म्हणाली. "आमचा रोजा समजा," मागून एक खालाजान म्हणाल्या. रांग मोडली, पण एकही माणूस घरी गेला नाही. उपाशी पोटी सगळे माझ्याभोवती बसून राहिले.

काय सांगू तुम्हाला! आयुष्यभर माझ्याभोवती माणसं जमली ती जेवायला. त्या दिवशी पहिल्यांदा न जेवायला जमली. आणि तीही अशी माणसं, की ज्यांच्या पोटात कालच्या कण्यांशिवाय काही नव्हतं. मी अचंबित झाले. आजही ते आठवलं की माझं तांबं गार पडतं.

बन्सीनं मला आडवी केली. भाता फुसफुसला, विस्तव फुलला. मी तापले, लाल झाले. नवसागर पडला तसा पांढरा धूर उठला, कथील पातळ झालं आणि कापसाच्या बोळ्याखालून चांदीगत पसरत गेलं. खूप भाजलं, पण मी हूं की चूं केलं नाही. माझ्या समोर एवढी माणसं भूक सोसत होती, मी काय तोंडानं कुरकुरणार?

दुसऱ्या दिवशी माझ्यात कण्या शिजल्या. सगळे म्हणाले, सरूबाईला पुढं येऊ द्या. ती म्हणाली, "मी रांगंतनंच यीन." ती नंबरानं आली. नूरमोहम्मदनं थाळीत वाढलं. सरूबाईनं पहिला घास कपाळाला लावला, तोंडात घातला, आणि घास तोंडात असतानाच हुंदका फुटला तिला. तरी गिळला. फकिरा लांबून ओरडला, "आज खरवड माझी नाय, वैनीची!"

हळूहळू साळूचा आवाज परत आला. आधी कण्हणं थांबलं, मग चांगली कोकलायला लागली. बाया म्हणायच्या, काय कटकट आहे पोरीची! मला मात्र ती शहनाईहून गोड लागायची.

पुढच्या साली पाऊस झाला आणि काम बंद झालं. मला ट्रकमध्ये चढवायला घेतलं त्या दिवशी सरूबाई लेकीला घेऊन आली. साळू माझी कड धरून उभी राहिली, स्वतःच्या पायांवर. मग खडीचा एक तुकडा उचलून तिनं माझ्या पोटावर दणकन हाणला. बारीकसा पोचा पडला. नूरमोहम्मदनं तो कधी ठोकून काढला नाही. हा बघा, इथं आहे.

शहागंजात आल्याबरोबर लग्नाचं बोलावणं आलं. नूरमोहम्मदनं मटण धुऊन ठेवलं, विस्तव केला, माझं झाकण काढलं आणि आत बघत उभाच राहिला. बायको गौहर म्हणाली, "क्या हुआ?" तो म्हणाला, "ये कल्हई नहीं है गौहर. एवढ्या लोकांचा उपास आहे हा. याच्यावर गोश्त कसं टाकू?" त्यानं दुसरी देग भाड्यानं आणली. त्यानंतर माझ्यात कधी मटण शिजलं नाही. धंद्याला ते महागात पडलं, पण तो मागं हटला नाही. पुढचे दुष्काळ आले तसतशी मी गावोगाव गेले, कधी डाळ, कधी खिचडी. कल्हई झिजली की तो आधी नवी चढवायचा.

आता नूरमोहम्मद नाही. त्याचा मुलगा फारूख मला सांभाळतो, पण त्याच्या पाठीचं दुखणं वाढलंय आणि मला उचलायला चार माणसं लागतात. कल्हईवाला आता मिळत नाही. माझ्या आतलं तांबं जागोजाग उघडं पडलंय, तेव्हा माझ्यात शिजवू नका, ते चांगलं नाही. भंगारवाला परत येईल तेव्हा फारूख काय म्हणेल, मला ठाऊक नाही. मी तक्रार करणार नाही.

पण तुम्ही कुठं ना कुठं, कधी ना कधी वाढायला उभे राहाल. दुष्काळ काही संपलेले नाहीत. तेव्हा नवी चकचकीत भांडी असतील, घाई असेल, आणि समोर उपाशी माणूस असेल. त्याला वाढायच्या आधी सांगा, भांड्यात काय आहे. आणि त्याला विचारा, बाबा, तुला चालेल का? तो नाही म्हणाला तर रागावू नका. पळा खाली ठेवा आणि त्याच्याजवळ बसा.

मी त्या माळावर बघितलंय, उपाशी माणसंसुद्धा बसली होती.