रिकाम्या पेटीचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. पितळी आणि चांगलं वजनदार. औंधजवळच्या एका गावात, निवृत्त सुभेदार नाथाजींच्या घरी, रिकाम्या लोखंडी पेटीला लटकतोय. रिकाम्या पेटीला कुलूप कशाला, असं विचारून लोक हसतात. हसू देत.

आफ्रिकेतल्या एका देशात नाथाजी शांतिसेनेत होते. यादवी नुकती थांबलेली. बंडखोरांच्या जप्त रायफली एका कंटेनरात होत्या आणि दारावर मी. त्या देशावर शस्त्रबंदी होती. आंतरराष्ट्रीय समितीच्या परवानगीशिवाय एकही रायफल कुणाला द्यायची नव्हती. नाथाजी मला लावून तीनदा ओढून बघत. माणसांचा स्वतःच्या हातावर भरवसाच नसतो!

खंडेनवमीला आमच्या जवानांनी आपापल्या हत्यारांची पूजा केली. शेंदूर उरला. नाथाजींनी मला उघडलं.

"ही बी हत्यारंच हायत की गड्या," ते सोबतच्या नानासोला म्हणाले आणि प्रत्येक रायफलीच्या लाकडी दस्त्यावर टिळा लावला. मला तेव्हाच कसंतरी झालं. तेलातला शेंदूर लाकडात मुरतो, पुसला जात नाही.

पुढे नियम सैल झाले. देशाला नवं पोलीसदल उभारायचं होतं. सरकारी दलाला शस्त्रं द्यायला आता परवानगी नको, समितीला आधी कळवलं की पुरे. फक्त त्यांचं शस्त्रागार पक्कं आहे, असं नाथाजींनी लिहून द्यायचं होतं. ते बघून आले होते. दाराची कडी तारेनं बांधलेली होती. पण चार दिवसांनी सुट्टी होती, गावाकडं लेकीचं लग्न होतं. त्यांनी सही केली. रायफली गेल्या. बिनकामाचा मी त्यांच्या सामानातून इथं आलो.

गेल्या वर्षी नानासोनं फोनवर एक फोटो पाठवला. जळालेला बाजार, उलटलेल्या टोपल्या, धुळीत पडलेली रायफल. दस्त्यावर शेंदराचा टिळा.

"आवं, काय झालं?" त्यांच्या पत्नी मंगलवहिनींनी विचारलं.

"आमचा टिळा हाय त्यो."

"किती मानसं गेली?"

"लिवलं न्हाई."

त्याच दिवशी नाथाजींनी ही पेटी रिकामी केली, मला लावलं आणि तीनदा ओढलं. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ओढतात.

"आत काय हाय तरी काय?" वहिनी विचारतात.

"काय न्हाई. पन भायेर पडाया नगं."

यंदा खंडेनवमीला वहिनी कुंकवाचं बोट घेऊन माझ्याकडं वळल्या, तर नाथाजींनी त्यांचं मनगटच धरलं. मला नाथाजींची फार दया आली.

दार पक्कं आहे का, असं कुणी तुम्हांला विचारलं, तर दार आठवून मगच सही करा, एवढंच माझं मागणं आहे.

एक गोष्ट मात्र मी नाथाजींना कधी कळू देणार नाही. ते ओढून आत गेले, की जरा वेळानं पेटीच्या आतूनही मला कुणीतरी ओढतं. तीनदाच.